तुमचा डोळा ५७६ मेगापिक्सेलचा नाही, आणि ६/६ म्हणजे सगळं ठीक असंही नाही

"मानवी डोळा म्हणजे ५७६ मेगापिक्सेलचा कॅमेरा" हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलेलं असणारच. व्हॉट्सॲपवर ते दर काही महिन्यांनी फिरून येतं. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पुठ्ठ्याच्या डोळ्याखाली स्केचपेनने लिहिलेलं असतं. व्याख्यानात वक्ते ते सांगतात आणि टाळ्या घेतात. ऐकायला बरं वाटतं. ज्याच्या खिशात साधा फोन आहे त्याच्याकडेही असे दोन महागडे कॅमेरे फुकट आहेत, असं वाटून छाती फुगते.

माझं म्हणणं असं, की हे वाक्य चुकीचं तर आहेच, शिवाय ते आपलं नुकसान करतं. डोळा म्हणजे कॅमेरा हे एकदा डोक्यात बसलं की माणूस डोळ्याकडून एकच गोष्ट मागतो: चित्र स्वच्छ दिसतंय का? स्वच्छ दिसतंय म्हणजे डोळा चांगला. दिसत नसेल तर काच बदला, म्हणजे चष्मा करा किंवा भिंग टाका. या एवढ्याशा समजुतीमुळे काचबिंदूचे, मधुमेहाचे आणि आळशी डोळ्याचे रुग्ण वेळ निघून गेल्यावर येतात. म्हणून आज या लाडक्या आकड्यावर जरा कडक बोलणार आहे.

हा आकडा आला कुठून?

हा हिशोब रॉजर क्लार्क या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाचा. ते छायाचित्रकारही आहेत. हिशोब सोपा आहे. समोरचं दृश्य १२० अंश रुंद आणि १२० अंश उंच धरा. एका अंशाच्या साठाव्या भागाला एक कला म्हणतात. डोळा ०.३ कलेइतका बारीक तपशील ओळखतो असं माना. १२० गुणिले ६० भागिले ०.३ म्हणजे २४,०००. रुंदीला २४,००० आणि उंचीला २४,००० ठिपके, गुणाकार ५७ कोटी ६० लाख. हेच ते ५७६ मेगापिक्सेल.

गणितात चूक नाही. पण त्यामागे एक अट आहे, आणि क्लार्क यांनी ती लपवलेली नाही. डोळा त्या सगळ्या दृश्यावरून फिरत राहिला पाहिजे, आणि प्रत्येक ठिकाणी सर्वात तीक्ष्ण भागानेच पाहिलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर येताना ही अट गळून पडली आणि आकडा तेवढा राहिला. रात्रभर टॉर्च फिरवून सगळं गोदाम पाहता येतं, म्हणून टॉर्च गोदामाएवढा मोठा आहे असं कोणी म्हणत नाही. इथे नेमकं तेच झालं आहे.

आता डोळ्यात खरोखर काय आहे ते बघा. डोळ्याच्या आतल्या बाजूला दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्यावर अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी, आणि रंग व बारीक तपशील टिपणाऱ्या शंकूपेशी जेमतेम ६० लाख. या सगळ्यांची माहिती मेंदूकडे नेणाऱ्या नसेत तंतू किती? सुमारे १० लाख. म्हणजे १२ कोटींहून जास्त पेशींमागे १० लाख तारा. मेगापिक्सेलचीच भाषा वापरायची हौस असेल तर उद्या कोणी "डोळा १ मेगापिक्सेलचा" असंही म्हणू शकेल. तेही तितकंच निरर्थक होईल. दृष्टिपटलावर पेशी सारख्या पसरलेल्या नाहीत आणि प्रत्येकीला स्वतंत्र तारही नाही. माहितीची निवड, काटछाट आणि तुलना दृष्टिपटलातच सुरू होते. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर कोपऱ्यातला पिक्सेल आणि मधला पिक्सेल सारखाच असतो. डोळ्यात तसं नाही.

तसं पाहिलं तर फोनवरचे आकडेही भाबडेपणाने घेऊ नयेत. २०० मेगापिक्सेल लिहिलेला फोन नेहमीच्या वापरात शेजारचे १६-१६ पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो देतो. जो आकडा यंत्राच्या बाबतीतही पुरतं काही सांगत नाही, तो आपण डोळ्याला चिकटवून बसलो आहोत.

दोन प्रयोग करून बघा

पहिला प्रयोग आत्ता, हे वाचतानाच. या ओळीतल्या एका शब्दावर नजर खिळवा. डोळा अजिबात न हलवता त्याच ओळीतला चार-पाच शब्द पलीकडचा शब्द वाचून दाखवा. तिथे काहीतरी लिहिलेलं आहे हे कळेल, पण वाचता येणार नाही. हात लांब करून अंगठा समोर धरलात तर अंगठ्याचं नख डोळ्याला साधारण दीड-दोन अंशांचं दिसतं. तुमची खरोखर तीक्ष्ण नजर जवळजवळ तेवढ्याच भागात असते. बाकी सगळं दृश्य धूसर असतं. तरी ते तुम्हाला कधी धूसर वाटत नाही, कारण डोळा सेकंदाला तीनेक वेळा उडी मारून नवीन जागी बसतो आणि मेंदू ते तुकडे जोडून एकसंध जग उभं करतो. डोळा उडी मारत असताना जे पुसट दिसायला हवं ते मेंदू दाबून टाकतो. आरशासमोर उभं राहून आपल्या डाव्या आणि उजव्या डोळ्याकडे आळीपाळीने बघा. स्वतःचे डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतील.

दुसरा प्रयोग कागदावर करा. डावीकडे फुली काढा, तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका, उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा, आणि कागद साधारण ३० सेंटिमीटरवरून हळूहळू मागे-पुढे करा. एका अंतरावर ठिपका नाहीसा होईल. दृष्टीची नस डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात. हा अंधबिंदू सतराव्या शतकात मारिऑट या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिला. तो काही सुईच्या टोकाएवढा नाही. आकाशात पौर्णिमेचे दहा चंद्र ओळीने मावतील एवढी ही जागा आहे, आणि ती जन्मापासून तुमच्या दोन्ही डोळ्यांत आहे.

ठिपका नाहीसा झाला तेव्हा तिथे काय दिसलं? काळं भोक दिसलं नाही. कोरा पांढरा कागद दिसला. मेंदूने आजूबाजूचा रंग घेऊन रिकामी जागा भरून टाकली, तुम्हाला न विचारता. कॅमेऱ्याचा पिक्सेल मेला की फोटोत ठिपका दिसतो आणि तुम्ही दुकानात तक्रार करता. डोळ्याचा भाग मेला की मेंदू तो झाकतो आणि तुम्ही तक्रार करत नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

झाकलेलं नुकसान: काचबिंदू

काचबिंदूत दृष्टीच्या नसेतले तंतू हळूहळू मरत जातात. नेहमीच्या प्रकारात दुखत नाही, लाल होत नाही, पाणी येत नाही. नुकसान बहुधा मध्याच्या बाहेर सुरू होतं, त्यामुळे वाचन, टीव्ही, समोरच्याचा चेहरा सगळं ठीक असतं. पुस्तकांत काचबिंदूची नजर दाखवताना काळ्या नळीतून बघितल्यासारखं चित्र छापतात. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांना काळं काहीच दिसत नाही. जिथे दिसत नाही तिथे मेंदूने काहीतरी भरलेलं असतं. म्हणून तक्रारी वेगळ्याच असतात: "डाव्या बाजूने बाईक अचानक आली", "जिन्याची शेवटची पायरी चुकते", "हल्ली दाराच्या चौकटीला खांदा लागतो". घरचे म्हणतात, वय झालं, लक्ष नसतं. भारतात झालेल्या मोठ्या पाहण्यांमध्ये काचबिंदू सापडलेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना तोपर्यंत आपल्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि गेलेली नजर परत येत नाही. उपचार फक्त उरलेली टिकवतात.

आता या माणसाला चष्म्याच्या दुकानात पाठवा. बाहेर पाटी असते: "कॉम्प्युटरद्वारे मोफत नेत्रतपासणी". त्या यंत्रावर हनुवटी टेकवली की नंबर निघतो. यंत्र चांगलं आहे, पण ते फक्त प्रकाश दृष्टिपटलावर नीट एकवटतो की नाही हे मोजतं. मग तक्ता वाचायला देतात. तो तक्ता १८६२ साली स्नेलेन या डच डॉक्टरांनी तयार केला. ६/६ याचा अर्थ, निरोगी नजर ६ मीटरवरून जी ओळ वाचते ती तुम्हीही ६ मीटरवरून वाचली. त्या ओळीतलं एक अक्षर डोळ्याला ५ कलांचं, म्हणजे एका अंशाच्या बाराव्या भागाएवढं दिसतं. एका डोळ्याला आडवं सुमारे दीडशे अंश दिसतं. त्यातला मधला एवढासा तुकडा तपासून आपण "डोळे तपासले" म्हणतो!

वाहन परवान्याच्या फॉर्मवरही २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न असतो. तो असायलाच हवा. पण समोरची नंबरप्लेट वाचणारा माणूस बाजूने येणारं शाळेचं पोर पाहू शकेलच, याची हमी त्या उत्तरात नाही.

"लेन्स बदलली, आता डोळा नवा"

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर हे वाक्य मी वारंवार ऐकतो. "डॉक्टर, परदेशी भिंग टाकलंय, आता वीस वर्षं बघायला नको." जाहिरातीही तशाच असतात, एचडी व्हिजन वगैरे. शस्त्रक्रिया उत्तम आहे, तिने असंख्य लोकांना नजर परत दिली आहे. पण तिने फक्त पुढची काच बदलते. मागचा पडदा तोच, नस तीच, रक्तातली साखरही तीच.

मधुमेहात दृष्टिपटलाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्यांना फुगे येतात, त्या पाझरतात, पुढे नव्या नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होऊ शकतो. हे सगळं सुरू असताना नजर ६/६ असू शकते. अंधूक दिसायला लागतं तेव्हा आजार बऱ्याचदा पुढे गेलेला असतो. म्हणून टाइप २ मधुमेह असेल तर निदान झालं त्याच वेळी, आणि नंतर साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. टाइप १ मध्ये निदानानंतर पाच वर्षांच्या आत सुरुवात करायची. "मला तर स्वच्छ दिसतंय" हे ही तपासणी टाळण्याचं कारण होऊ शकत नाही. स्वच्छ दिसतंय तोवरच तपासणीचा खरा उपयोग.

कॅमेरा जन्मतः तयार असतो, नजर नसते

आता मुलांकडे वळू. कॅमेऱ्याची काच दहा वर्षं झाकून ठेवली आणि मग झाकण काढलं तरी फोटो तसाच येतो. डोळ्याचं तसं नाही. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांचा एक डोळा जन्मानंतरचे सुरुवातीचे आठवडे बंद ठेवला. नंतर उघडल्यावर डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला दादच देत नव्हत्या. या दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं. भारतात पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर मोठेपणी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या ८ ते १७ वर्षांच्या काही मुलांना आधी एखादा ठोकळा हाताने चाचपायला दिला आणि मग तो नजरेने ओळखायला सांगितलं. शस्त्रक्रियेनंतर लगेच त्यांना ते जमलं नाही. काही दिवसांनी जमू लागलं. डोळ्यात प्रतिमा पडत होती, पाहणं शिकायचं बाकी होतं.

हीच गोष्ट आपल्या घरात आळशी डोळ्याच्या रूपाने घडते. मुलाच्या एका डोळ्याला मोठा नंबर असतो, दुसरा चांगला असतो. चांगल्या डोळ्यावर सगळं निभावतं. मूल तक्रार करत नाही, कारण त्याला दुसरं काही ठाऊकच नाही. मेंदू त्या डोळ्याच्या अस्पष्ट प्रतिमेकडे दुर्लक्ष करायला शिकतो. शाळेत किंवा घरी कधीतरी लक्षात आलं तरी आजी म्हणते, "एवढ्याशा पोराला चष्मा? मोठा झाला की बघू." आजीची माया खरी, पण मोठं झाल्यावर बघायला उशीर झालेला असतो. पंधराव्या वर्षी अचूक नंबराचा चष्मा दिला तरी तो डोळा बहुधा पूर्ण दाद देत नाही. काच बरोबर असते, पण काचेमागे जे घडायचं ते लहानपणी घडलेलं नसतं. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हा साधा उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर सर्वात जास्त फायदा होतो. नंतरही प्रयत्न सोडू नये, पण फळ कमी मिळतं.

"अहो, समजावायला सोपं पडतं!"

इथे कोणी म्हणेल, मुलांना समजावायला कॅमेरा सोपा पडतो, त्यात एवढं काय? मान्य. केप्लरने १६०४ साली दाखवून दिलं की दृष्टिपटलावर उलटी प्रतिमा पडते. बाहेरच्या उजेडापासून त्या प्रतिमेपर्यंत कॅमेऱ्याची उपमा चालते. बाहुली लहान-मोठी होते, भिंग जवळचं-लांबचं जुळवून घेतं, सगळं ठीक. पण दृष्टिपटलाशी ही उपमा थांबते आणि आपण थांबत नाही. मग मुलं विचारतात, उलटी प्रतिमा सुलटी कोण करतं? कोणीच करत नाही, कारण आत पडद्यासमोर बसून चित्र पाहणारा कोणी नाही. खरं पाहणं तिथून पुढे, नसेत आणि मेंदूत घडतं, आणि कायमचं आंधळेपण आणणारे कितीतरी आजार पडद्यात आणि त्याच्या मागे असतात. जी उपमा नेमकी तिथेच संपते, ती आरोग्यशिक्षणात पहिल्या धड्यापुरतीच ठेवावी.

कोणी असंही म्हणेल, की मग डोळा कॅमेऱ्यापेक्षा कमी का? तसंही नाही. १९४२ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात दिसलं, की अंधाराला सरावलेल्या डोळ्याच्या दंडपेशींनी पाच ते सात प्रकाशकण शोषले तरी माणसाला उजेड जाणवतो. त्यासाठी अंधारात अर्धा तास बसावं लागतं, हा भाग वेगळा. कमी-जास्त ठरवण्याची स्पर्धाच व्यर्थ आहे. कॅमेरा नोंद ठेवतो. डोळा आणि मेंदू मिळून तुम्हाला जगात वावरायला लागेल तेवढं निवडून देतात.

आणि कॅमेऱ्याशी माझं वैर नाही. डोळ्यासाठी खरा उपयोगी कॅमेरा आहे तो फंडस कॅमेरा, म्हणजे डोळ्याच्या आत डोकावून दृष्टिपटलाचा फोटो काढणारा. तुमच्या फोनचा कॅमेराही एका बाबतीत कामाचा आहे. लहान मुलाच्या फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत लाल चमक आणि दुसरीत पांढरी दिसली, तर तो फोटो पुसून टाकू नका. त्यामागे मोतीबिंदू किंवा डोळ्यातला कर्करोगही असू शकतो. त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञ गाठा.

आता काय करायचं?

चाळिशी ओलांडली असेल तर चष्मा असो वा नसो, एकदा पूर्ण नेत्रतपासणी करून घ्या: नंबर, डोळ्याचा दाब, नस आणि पडदा. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीचीही वाट पाहू नका. दाब साधारण १० ते २१ च्या दरम्यान असतो, पण दाब ठीक असूनही काचबिंदू होऊ शकतो. म्हणून नस पाहिल्याशिवाय आणि गरज वाटल्यास फील्ड टेस्ट केल्याशिवाय समाधान मानू नका. लाल डोळ्यासाठी मेडिकलमधून आणलेले स्टेरॉईडचे थेंब आपल्या मनाने महिनोन्महिने घालू नका, त्यांनी दाब वाढू शकतो.

मुलाची तपासणी तीन-चार वर्षांचं असतानाच, प्रत्येक डोळा वेगळा झाकून करून घ्या. तिरळेपणा भाग्याचा नसतो, तो दाखवायचा असतो.

घरी महिन्यातून एकदा एक-एक डोळा झाकून बाथरूमच्या टाइल्सच्या किंवा आलेखाच्या कागदाच्या रेषा बघा. सरळ रेषा वाकडी दिसली किंवा मधला भाग पुसट वाटला तर डॉक्टरांकडे जा. दोन्ही डोळे उघडे ठेवून ही परीक्षा उपयोगाची नाही, एक डोळा दुसऱ्याचं पांघरूण घालतो.

अचानक डोळ्यात विजा चमकल्यासारखं होणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, अचानक नजर जाणं, किंवा लाल डोळा, जोराचं दुखणं, दिव्याभोवती वलयं आणि उलटी हे एकत्र येणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पोहोचा. उद्यावर ढकलू नका.

बाहुली मोठी करण्याचे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसतं. म्हणून तपासणीला जाताना स्वतः गाडी चालवू नका, कोणाला तरी बरोबर न्या. तिथे गेल्यावर "नंबर काढून द्या" असं म्हणू नका. "दाब, नस आणि पडदा तपासून द्या" असं म्हणा, आणि काय सापडलं ते कागदावर लिहून मागून घ्या.